वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन (१५ मार्च, इ.स. १८६० – २६ ऑक्टोबर, इ.स. १९३०) हे जन्माने रशियन साम्राज्यातील ज्यू व पुढे ब्रिटिश नागरिक झालेले सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन रोगांवरील लसी त्यांनी तयार केल्या व दोन्ही लसी प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतल्या. त्यांच्या कार्याचा मोठा भाग भारतात, विशेषतः मुंबईत पार पडला. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. एका छपराखाली दाटीने राहणाऱ्या माणसांना साथीपासून कसे वाचवावे, या प्रश्नाचे मोजून-तपासून दिलेले आरंभीचे एक उत्तर म्हणून त्यांच्या भायखळ्याच्या तुरुंगातील प्रयोगाकडे पाहिले जाते.

बालपण आणि शिक्षण

हाफकिन यांचा जन्म काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरात एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे बालपण बेर्द्यान्स्क या बंदराच्या गावी गेले. इ.स. १८७९ मध्ये त्यांनी ओडेसाच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक इल्या मेचनिकोव्ह यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हा सिद्धान्त मांडणारे व पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच मेचनिकोव्ह होत.

विद्यार्थिदशेत हाफकिन झारशाहीविरोधी क्रांतिकारक चळवळीकडे ओढले गेले. इ.स. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा ते ज्यूंच्या स्वसंरक्षक दलात सामील झाले. त्यात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी मध्यस्थी केल्यामुळे त्यांची सुटका झाली. पदवी मिळाल्यानंतर प्राध्यापकपदासाठी त्यांनी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, अशी अपेक्षा होती. ती त्यांनी नाकारली आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम पत्करले. इ.स. १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला व काही काळ जिनिव्हा येथे सहायक म्हणून काम केले. नंतर ते पॅरिसला गेले. पाश्चर संस्थेत त्या वेळी मोकळी असलेली जागा ग्रंथपालाची होती. ती त्यांनी आनंदाने घेतली व उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवला.

पटकीची लस

त्या काळात युरोप आणि आशियात पटकीची साथ वारंवार येत असे. हाफकिन यांनी पटकीचे जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यांपासून लस बनवली. १८ जुलै, इ.स. १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या. पण काही दिवसांत ते पूर्ववत झाले. त्यानंतर काही मित्रांनीही ती टोचून घेतली.

लसीची खरी परीक्षा जेथे रोग आहे तेथेच होणार, हे ओळखून इ.स. १८९३ मध्ये ते भारतात आले. उत्तर भारतात आणि नंतर बंगालमध्ये त्यांनी हजारो लोकांना लस टोचली. इ.स. १८९४ मध्ये कोलकात्यातील दाट वस्त्यांत त्यांनी केलेली पाहणी विशेष महत्त्वाची ठरली. एकाच घरातील काहींनी लस घेतली व काहींनी घेतली नाही, अशा कुटुंबांत पुढे रोग कोणाला झाला याची त्यांनी नोंद ठेवली. हवा, पाणी आणि अन्न सर्वांचे सारखेच असल्यामुळे ही तुलना रास्त होती. पुढील सर्व प्रयोगांत त्यांनी हीच पद्धत वापरली. आसाममधील चहामळ्यांच्या मजुरांतही त्यांनी काम केले. मलेरियाने प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना काही काळ युरोपात परतावे लागले, परंतु इ.स. १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना काही रुग्णांत प्लेगची लक्षणे आढळली. मांडवी हा धान्याच्या गोदामांचा व दाट चाळींचा भाग होता. काही आठवड्यांतच रोग शहरभर पसरला. घाबरलेले लोक मुंबई सोडून गावोगाव गेले, गिरण्या ओस पडल्या आणि रेल्वेमार्गांनी रोगही त्यांच्या मागोमाग पुणे, सातारा, कोल्हापूर या बाजूंना व पुढे निजामाच्या राज्यात पोहोचला.

प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, इ.स. १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. उंदरांवरील पिसवा रोग पसरवतात, हे मात्र अद्याप कोणाला ठाऊक नव्हते. ते पॉल-लुई सिमाँ यांनी इ.स. १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. प्लेगचे दोन प्रकार लोकांच्या विशेष परिचयाचे झाले. एकात काखेत, जांघेत किंवा मानेत गाठ येई; म्हणून त्याला गाठीचा ताप म्हणत. दुसऱ्यात जंतू फुप्फुसांत शिरत. हा फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जाई व बहुधा प्राणघातक ठरे. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या नातलगांना त्याचा धोका सर्वांत अधिक होता.

सरकारने घरांची झडती, रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवणे, सामानाची जाळपोळ असे उपाय योजले. ४ फेब्रुवारी, इ.स. १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा लागू झाला. आपले माणूस एकदा नेले की पुन्हा दिसत नाही, त्याला तेथे काय देतात हे कळत नाही, या भीतीने लोक रुग्णांना लपवू लागले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने मुंबईतील आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. पुढे निरनिराळ्या समाजांनी स्वतःची प्लेग रुग्णालये उभारली आणि तेथे नातलगांना रुग्णाजवळ राहता येऊ लागले, तेव्हा हा विरोध पुष्कळ निवळला. पुण्यात सक्तीच्या झडत्यांमुळे असंतोष भडकून २२ जून, इ.स. १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १० मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. हाफकिन यांनी काम केले ते अशा वातावरणात.

प्लेगची लस

सरकारने पाठवल्यावरून हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये कोलकात्याहून मुंबईत आले. त्यांना ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली व तिच्यालगतची पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई होते. मांसरसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले असता प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबणाऱ्या झुंबरांसारखे वाढतात, असे त्यांना आढळले. अशी वाढ वारंवार हलवून काही आठवडे चालू ठेवायची आणि शेवटी उष्णता देऊन जंतू मारायचे, अशी ती कृती होती. मेलेले जंतू रोग निर्माण करू शकत नाहीत. पण शरीराला शत्रूची ओळख करून देतात, हे लसीमागील तत्त्व होते.

सुमारे तीन महिने अखंड काम करून लस तयार झाली. या काळात एका सहायकाला मानसिक ताण असह्य झाला व इतर काहींनी काम सोडले, असे सांगितले जाते. १० जानेवारी, इ.स. १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे देण्यात येणाऱ्या मात्रेहून ही मात्रा बरीच मोठी होती. ताप व वेदना सोसून ते बरे झाले. त्यानंतर महाविद्यालयातील व शहरातील अनेक प्रतिष्ठित नागरिकांनी स्वेच्छेने लस घेतली.

भायखळ्याच्या तुरुंगातील प्रयोग

जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तुरुंग म्हणजे बाहेर पडता न येणाऱ्या, एकत्र जेवणाऱ्या आणि एकाच छपराखाली निजणाऱ्या माणसांची वस्ती. अशा जागी रोग शिरला की तो रोखणे कठीण असते. हाफकिन यांनी कैद्यांना लसीची माहिती दिली व इच्छुकांनी पुढे यावे, असे सुचवले. तुरुंगातील तीनशेहून अधिक कैद्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ३० जानेवारी रोजी लस घेतली.

पुढील दिवसांत लस न घेतलेल्या कैद्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ जणांना रोग झाला. परंतु त्यांतील कोणीही दगावला नाही. दोन्ही गटांचे अन्न, काम आणि निवारा सारखाच असल्याने हा फरक लसीमुळेच पडला, असे म्हणण्यास आधार मिळाला. पुढील वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात प्लेग आला तेव्हा एकाआड एक कैद्याला लस देऊन हीच तुलना अधिक काटेकोरपणे करण्यात आली. लोणावळा, किरकी (खडकी), दमण, धारवाड आणि हुबळी येथेही लसीकरण झाले. इ.स. १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंढेरा या गावी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस देण्यात आली. रोग शिरलेल्या घरांतील लस घेतलेल्यांपैकी ३ आणि न घेतलेल्यांपैकी २६ जण दगावले.

आजच्या दृष्टीने या प्रयोगांवर एक आक्षेप घेता येतो. कैद्याची संमती खऱ्या अर्थाने मुक्त असते का, हा तो प्रश्न होय. हाफकिन यांनी लस ऐच्छिक ठेवली, सक्तीला ते अनुकूल नव्हते, हे खरे. तरी तुरुंगाच्या भिंतींआड दिलेल्या होकाराचे मोल जपून करावे लागते. लसीलाही मर्यादा होत्या. ती गाठीच्या प्लेगपासून बऱ्याच प्रमाणात व काही काळच संरक्षण देई. फुप्फुसाच्या प्लेगवर अशा मृत जंतूंच्या लसीचा भरवसा धरता येत नाही, हे पुढे स्पष्ट झाले.

प्रयोगशाळेचा विस्तार

इ.स. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब देण्यात आला. लसीची मागणी वाढू लागताच जागा अपुरी पडली. प्रयोगशाळा प्रथम मलबार हिलवरील एका सरकारी बंगल्यात आणि नंतर आगाखान (तिसरे) यांनी दिलेल्या खुश्रू लॉज या वास्तूत हलवण्यात आली. आगाखानांनी स्वतः लस घेतली व आपल्या खोजा अनुयायांना ती घेण्यास उत्तेजन दिले. हजारो खोजांनी ती घेतली. भीतीने न होणारे काम विश्वासाच्या माणसाने स्वतः पुढे होऊन दाखवल्यास होते, याचा हा मोठा दाखला होता.

१० ऑगस्ट, इ.स. १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे पहिले मुख्य संचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले.

मलकोवाल दुर्घटना आणि अन्याय

३० ऑक्टोबर, इ.स. १९०२ रोजी पंजाबमधील मलकोवाल या गावी १०७ लोकांना प्लेगची लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. या सर्वांना ५३-एन या क्रमांकाच्या एकाच बाटलीतील लस टोचली होती. दुसऱ्या बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काही झाले नाही.

चौकशीसाठी सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. लस निर्जंतुक करताना कार्बोलिक आम्ल न वापरता केवळ उष्णता वापरण्याचा बदल हाफकिन यांनी केला होता. बाटली परळलाच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष आयोगाने काढला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले व इ.स. १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले.

मात्र मलकोवाल येथे बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच बाटलीच्या बुचासाठी वापरला गेला, ही गोष्ट साक्षीत आलेली होती. धनुर्वाताचे जंतू बाटलीत अनेक दिवस वाढले असते तर लसीला दुर्गंधी आली असती. पण बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. म्हणजे जंतू बाटलीत शिरले ते गावातच, हे उघड होते. लंडनच्या लिस्टर संस्थेने कागदपत्रे तपासून परळच्या प्रयोगशाळेवरील ठपका सिद्ध होत नाही, असा अभिप्राय दिला. मलेरिया आणि डास यांचा संबंध सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. इंग्लंडमध्ये चर्चा झाल्यानंतर नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने त्यांना पुन्हा सेवेत घेण्याची तयारी दाखवली. फ्रान्समधील ज्यू सेनाधिकारी ड्रायफस यांच्यावर झालेल्या अन्यायाशी या प्रकरणाची तुलना पुढे अनेकांनी केली.

अखेरची वर्षे

हाफकिन कोलकात्यातील जैविक प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून भारतात परतले. तेथे लसनिर्मितीची सोय नव्हती आणि परळची प्रयोगशाळा त्यांच्याकडे पुन्हा आली नाही. वयाच्या ५५ व्या वर्षी ते निवृत्त झाले व युरोपात स्थायिक झाले. उत्तरायुष्यात त्यांनी ज्यू धर्माच्या अभ्यासाला व आचरणाला वाहून घेतले. इ.स. १९२९ मध्ये त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी निधी स्थापन केला. ते आजन्म अविवाहित राहिले. २६ ऑक्टोबर, इ.स. १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

परळच्या प्रयोगशाळेचे नाव इ.स. १९०६ मध्ये मुंबई सूक्ष्मजंतुशास्त्र प्रयोगशाळा असे झाले आणि इ.स. १९२५ मध्ये, हाफकिन हयात असतानाच, ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. इ.स. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा पाठवण्यात आल्या. इ.स. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखे हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढील काळात सर्पदंश, श्वानदंश व पोलिओ यांवरील औषधे आणि लसी यांसाठी हाफकिन हे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत परिचित झाले. भारतीय टपाल खात्याने इ.स. १९६४ मध्ये हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

वृद्धाश्रम, वसतिगृह, रुग्णालय अशा एकत्र निवासाच्या जागांना हाफकिन यांच्या कार्याचा संदर्भ आजही लागू पडतो. इन्फ्लुएंझा, कोविड-१९ व न्यूमोनिया हे श्वसनमार्गाचे रोग अशा जागी लवकर पसरतात आणि वृद्धांना त्यांचा त्रास अधिक होतो. वाढत्या वयात प्रतिकारशक्ती मंदावल्यामुळे लसीचा प्रभावही तरुणांच्या मानाने कमी पडतो. म्हणून वृद्धांबरोबरच त्यांची शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांनीही लस घेणे महत्त्वाचे ठरते. इन्फ्लुएंझाचा विषाणू सतत बदलत असल्याने त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. भेटीस येणाऱ्यांनी सर्दी-खोकला असल्यास भेट पुढे ढकलणे, साथीच्या दिवसांत मुखपट्टी लावणे, आत जाताना हात धुणे आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवणे हे साधे उपाय लसीला पूरक आहेत.

मात्र भेटीच पूर्णपणे बंद केल्यास काय होते, हे १८९६ च्या मुंबईने पाहिले आहे. आपल्या माणसाला भेटता न आल्यामुळे भीती व अविश्वास वाढला, आणि नातलगांना जवळ राहता येऊ लागल्यावर तो ओसरला. संरक्षण आणि सहवास या दोहोंचा मेळ घालणे हे अशा संस्थांपुढील कठीण काम आहे. लस लोकांना समजावून द्यावी, इच्छेने घेऊ द्यावी, आधी स्वतः घ्यावी आणि परिणामांची प्रामाणिक नोंद ठेवावी, ही हाफकिन यांची कार्यपद्धती त्या कामी सव्वाशे वर्षांनंतरही उपयोगी पडते.